घराच्या गाण्यांसाठी रिकामं घर

माझी लेक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत गाते, तेही काचा तडकतील अशा वरच्या पट्टीत. घर आणि निसर्ग यांवरच्या गाण्यांचा अल्बम तिनं नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्येच रेकॉर्ड केला. त्यासाठी आधी घर आणि निसर्ग दोन्ही बाहेर काढावे लागले. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर माळ्यावर. ह्यांना शिंका येतात म्हणून खाली वॉचमनजवळ बसवलं. खिडक्यांना गाद्या लावल्या. तरी सोसायटीच्या आंब्यावरचा मेला कोकीळ गप्प बसेना. आत लेक पाखरांना घरी बोलावत होती आणि बाहेर गॅलरीत मी टॉवेल फिरवून त्याला हाकलत होते.

अल्बम आला. पहिल्याच गाण्यात कोकीळ ओरडला.

"हा कुठला गं?"

"कॉम्प्युटरमधला, आई. मागाहून टाकला."

टॉवेल फिरवून फिरवून माझा हात अजून दुखत होता. शेवटचं गाणं आईच्या स्वयंपाकघरावर होतं. त्यात मस्त कुकरची शिट्टी झाली. आमचा कुकर तर माळ्यावर होता. ती शिट्टी दुसऱ्याच कुणाच्या आईची होती.