वहिनींनी शिसं सोडलं

दादाचा फोन आला तेव्हा मी हरसूलच्या बाजारात होतो. नोकरी संपली तरी बाजाराच्या दिवशी मी तिथे जनावरं तपासायला जातो. गुरांच्या डॉक्टरला लोक निवृत्त होऊ देत नाहीत. डोंगराच्या त्या भागात फोनची रेंज येते-जाते. पहिल्यांदा नुसता दादाचा श्वास ऐकू आला आणि फोन कट झाला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सुलभा गेली रे." वहिनी सकाळी चहा टाकायला उठल्या, ओट्याशी खाली बसल्या आणि... डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्यासमोर एका म्हाताऱ्याची गाय उभी होती. तिला इंजेक्शन दिलं, हात धुतले आणि नाशिककडे निघालो. रस्त्यात रडू आलं नाही. नंतरही फारसं आलं नाही.

भेटायला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, शिशामुळे झालं का हो? प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. सुलभावहिनींनी आयुष्याची शेवटची काही वर्षं नेमबाजीतल्या शिशाच्या छर्ऱ्यांविरुद्ध भांडण्यात घालवली, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांचं हृदय थांबलं, बाकी काही नाही. रक्तातलं शिसं त्यांनी स्वतःच तपासून घेतलं होतं आणि त्यात काळजीसारखं काही निघालं नव्हतं. हे मी सर्वांना सांगितलं. त्यांचं भांडण स्वतःच्या तब्येतीसाठी नव्हतंच, हे मात्र त्या गर्दीत सांगायचं राहून गेलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

वहिनी नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. दादा रेल्वेत, मनमाडला. सुट्टी मिळेल तसा घरी यायचा. घरात मुख्यतः वहिनी आणि आमचे वडील, म्हणजे आबा. सिन्नरकडच्या शेतात रानडुकरं यायची म्हणून आबांनी कधीकाळी परवाना काढून एक जुनी विलायती दुनळी बंदूक घेतली होती. शेतीचं काम कमी झाल्यावर ते सिन्नरच्या पुढे माळावर असलेल्या नेमबाजी क्लबमध्ये जाऊ लागले. तिथला खेळ असा, की यंत्रातून मातीची पातळ तबकडी वेगाने हवेत उडते आणि ती खाली येण्याआधी बंदुकीने फोडायची. काडतुसात एक गोळी नसते, बारीक छर्रे असतात, शेकडो. आम्हा दोघा भावांना त्यात रस नव्हता. एका रविवारी आबांना सोबत हवी होती म्हणून वहिनी गेल्या, साडीचा पदर खोचून उभ्या राहिल्या, आणि खांदा सुजवून परत आल्या. रात्री जेवताना आबांना म्हणाल्या, "तबकडी तिथे पोचेल तेव्हा छर्रे कुठे असतील... हा तर माझ्या नववीच्या वर्गातला प्रश्न आहे." त्यानंतर त्यांचा रविवार कधी चुकला नाही. सलवार-कमीज शिवून घेतले, राज्य स्पर्धेत जाऊ लागल्या, पदकं आली. आबांनी जाण्याआधी बंदूक सुनेच्या नावावर व्हावी असं लिहून ठेवलं. नातेवाईकांनी भुवया उंचावल्या. दादा म्हणाला, मला दिली असती तर मी तिच्यावर कपडे वाळत घातले असते.

शिशाचा विषय क्लबमध्ये पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याला विरोध केला तो वहिनींनीच. परदेशात स्पर्धा पाहून आलेल्या एका सभासदाने वार्षिक सभेत सांगितलं, की तिकडे अनेक ठिकाणी शिसं बंद होत चाललंय, आपणही पोलादी छर्रे वापरायला लागू. वहिनी उठल्या. पोलाद शिशापेक्षा हलकं, लांब जाईपर्यंत त्याचा जोर कमी होतो. आपल्याकडे ती काडतुसं सहज मिळत नाहीत. आणि पोलाद कठीण असल्यामुळे जुन्या बंदुकांच्या नळ्या खराब होतात, असं त्यांनी मुद्देसूद मांडलं. तिसरा मुद्दा त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. आबांच्या बंदुकीतून पोलाद चालवायचं नाही, नळी फाटेल, असं बंदूक दुरुस्त करणाऱ्याने त्यांना बजावलं होतं. शिसं गेलं की आबांची बंदूक गेली. सभेत टाळ्या पडल्या आणि विषय मिटला.

क्लबच्या माळाला खाली उतार आहे. उताराच्या टोकाला भागाबाईंचं पत्र्याचं घर, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या. वहिनी येता-जाता त्यांच्याकडून अंडी घ्यायच्या. दिवाळी होऊन गेली होती. एका रविवारी भागाबाईंनी एक कोंबडी काखेत धरून दाखवली. "ताई, ही तिसरी हाय. दाणे खाती, पन वाळत चालली. मान टाकती." वहिनींनी मला फोन केला. मी पोचलो तोवर कोंबडी मेली होती. कोंबडीला दात नसतात. ती बारीक खडे गिळते आणि पोटातल्या एका जाड पिशवीत त्यांच्यावर दाणे दळते. ती पिशवी मी उघडली. खड्यांमध्ये राखाडी छर्रे होते, दळून दळून लहान आणि गुळगुळीत झालेले. पावसाच्या पाण्याबरोबर ते माळावरून खाली वाहत आले असणार, आणि पाखराला खडा आणि छर्रा यातला फरक कळत नाही.

मी वहिनींना म्हणालो, की एका कोंबडीवरून मी काही सिद्ध करणार नाही. शिशाने असं होतं हे खरं, पण आधीच्या दोन मी पाहिलेल्या नाहीत.

"सिद्ध नका करू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पोटात होते की नव्हते, एवढं सभेत सांगाल?"

मी सांगितलं. पुढच्या सभेत मला पाहुणा म्हणून बोलावलं आणि जे पाहिलं तेवढंच मी बोललो. वहिनींनी ठराव मांडला, की या माळावर शिसं बंद करावं. क्लबचे सचिव खैरनारसर, हिशेबी आणि सरळ माणूस, वहिनींचे जुने मित्र. ते म्हणाले, स्पर्धेत शिसं चालतं. आपल्या मुलामुलींनी सराव पोलादावर केला तर स्पर्धेत त्यांचं नुकसान होईल. एका क्लबने सोडल्याने जगातलं शिसं कमी होणार नाही. भागाबाईंना कोंबड्यांची भरपाई देऊ. यातलं काहीच खोटं नव्हतं. मग ते थांबून म्हणाले, "सुलभाताई, गेल्या वेळी तुम्हीच विरोध केला होतात."

"हो. तेव्हा मी बंदुकीचा विचार केला होता," वहिनी म्हणाल्या. "खाली कोण राहतं त्याचा केला नव्हता."

ठराव पडला. चांगल्या फरकाने पडला. मला वाटलं, आता रुसतील, जाणं बंद करतील. त्यांनी पुढच्या रविवारी आबांची दुनळी तेल लावून घरच्या कपाटात ठेवली, आणि पोलाद चालेल अशी क्लबची नवी बंदूक मागून घेतली. काडतुसांसाठी पुण्यापर्यंत फोन केले. आधी जे सगळं हाताला आपोआप यायचं ते नव्याने शिकायला लागलं. पोलादाचा वेग सुरुवातीला जास्त, पण तो लवकर ओसरतो, त्यामुळे चाप आधी ओढावा लागतो. साठी ओलांडलेली बाई इतक्या वर्षांची सवय मोडत होती आणि तबकड्या न फुटता खाली पडत होत्या. कालपर्यंत ज्यांना त्यांनी शिकवलं त्या मुली त्यांच्या पुढे जाऊ लागल्या. कुणी हसलं नाही, हे क्लबच्या बाजूने सांगायला हवं. पण कुणी मागेही आलं नाही.

त्या वर्षीच्या राज्य निवड स्पर्धेला गाडी मी चालवत होतो. नियमाप्रमाणे वहिनींना शिसं वापरता आलं असतं. खैरनारसरांनी शेवटच्या क्षणी त्यांच्यापुढे शिशाच्या काडतुसांचा डबा धरला आणि म्हणाले, इथे भागाबाई नाहीत, इथे तरी वापरा. वहिनींनी डबा परत दिला. थोडक्यात निवड हुकली. परतीच्या वाटेवर त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. सिन्नरला चहाला थांबलो तेव्हा पेला हातात धरून म्हणाल्या, "वाईट वाटतंय, भाऊजी... वाटू दे." पेला रिकामा झाला आणि आम्ही निघालो.

पुढे थोडं हललं. क्लबमधल्या एका मुलीला दिवस गेले. तिच्या डॉक्टरांनी शिशापासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा तिने वहिनींकडे पोलादी काडतुसं मागितली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. नेमबाज उभे राहतात त्या चौथऱ्यांपैकी भागाबाईंच्या बाजूच्या चौथऱ्यावर खैरनारसरांनी शिसं बंद केलं, उताराला आडवा बांध घातला, माती खरवडून छर्रे गोळा करवले. वरच्या चौथऱ्यावर स्पर्धेच्या सरावासाठी शिसं चालू ठेवलं. हा अर्धा तोडगा वहिनींना पुरेसा वाटला नाही आणि तसं त्या तोंडावर म्हणायच्या. येत्या सभेत पुन्हा ठराव मांडणार होत्या.

ती सभा त्यांच्यामागे झाली. दोन मिनिटं शांतता पाळली आणि ठराव पुढच्या वर्षावर गेला. आबांची बंदूक कायद्याप्रमाणे सध्या बंदुकांच्या परवानाधारक दुकानदाराकडे जमा आहे. परवाना माझ्या मुलीच्या नावावर करता येईल का ते दादा पाहतोय.

गेल्या रविवारी वहिनींचं क्लबमधलं सामान आणायला मी माळावर गेलो. कोट, कानाला लावायची टोपणं, एक पाण्याची बाटली. खैरनारसरांनी चहा घेऊनच जा म्हणून बसवलं. सकाळभर त्यांनी वरच्या चौथऱ्यावर शिशाच्याच काडतुसांनी सराव केला होता आणि ते मला पुन्हा तेच समजावत होते, की पोलादात ती मजा नाही, सुलभाताईंचं मन मोठं होतं पण खेळाचं गणित त्यांनी सोडून दिलं. समोर थर्मास होता, बिस्किटं होती. बोलता बोलताच सर उठले आणि भिंतीपाशी गेले. शेवटच्या वर्षी वहिनींनी हट्टाने तिथे एक नळ बसवून घेतला होता आणि काडतुसं हाताळून आलेल्या माणसाला हात धुतल्याशिवाय त्या बिस्किटाला हात लावू द्यायच्या नाहीत. नळाखाली साबणाची वडी होती, वापरून पातळ झालेली. सरांनी बाह्या वर केल्या आणि मनगटापर्यंत साबण लावला. त्यांच्यामागे आणखी चौघे येऊन उभे राहिले, आपापली पाळी यायची वाट बघत.

"शिसं ते शिसंच, डॉक्टर," सर माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि नखं घासत राहिले.