कॅल्शियम कोणाचं?

आमच्या आंजी गावातल्या मेडिकलवाल्या काकांना हळू बोलताच येत नाही. "मूळव्याधीचं मलम कोनाचं?" असं ते दुकानातून ओरडतात आणि बसस्टँडवरचा एखादा माणूस मान खाली घालून पुढे येतो. आवाज कमी करा म्हटलं की उलट विचारतात, "काऊन? चोरी केली का?"

माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या मात्र त्यांनी कायम "कॅल्शियम!" असं ओरडून दिल्या. त्यामुळे गावाने माझी हाडं ठिसूळ ठरवली आणि घरोघरून डिंकाचे लाडू आले. समोरच्या मावशींनी तर डबाभर पाठवले. म्हणे, त्यांचीही हाडं दुखतात. पुढे गोळ्या सुटल्या, लाडूंचं वजन तेवढं राहिलं.

मग कॅनडात नर्सची नोकरी लागली आणि व्हिसासाठी मेडिकल तपासणी आली. घरचे म्हणाले, जुना आजार लपव. काका म्हणाले, "बिमार होती, बरी झाली. सांगून टाकजो."

मी सांगितलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या डॉक्टरांचं पत्र मागवलं, चार प्रश्न विचारले, आणि व्हिसा आला!

मी पळतच दुकानात गेले. "काका, आज खरं नाव घेऊन ओरडा!"

काका स्टुलावर चढले. "ऐका होऽ! या पोरीले कॅल्शियम नाई, डिप्रेशनच्या गोळ्या देत होतो मी! आता कॅनडाले चालली!"

दुकानातली गर्दी माझ्याकडे वळली. मग मागून समोरच्या मावशींचा हात वर आला.

"भाऊ, माह्यंबी कॅल्शियम तेच हाये. द्या जोरात!"