पडद्याशेजारची कालिपा

कालिपाच्या पोटात काही राहतं, असं कोणी म्हटलं असतं तर सोनकुलच्या कुरणावर त्याला वेड्यात काढलं असतं. सकाळी घोड्यांचं दूध काढायला बसली की जी सुरू व्हायची ती रात्री झोपेपर्यंत. मेंढ्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची, आणि ऐकायला कोणी नसलं तर स्वतःशीच भांडायची. पण माणूस जितका बडबड्या, तितकं त्याचं खरं बोलणं आत दडलेलं असतं. हे आम्हाला कळलं ते एका सिनेमामुळे.

उन्हाळ्यात सामुदायिक शेतीची मेंढरं आणि घोडी घेऊन आम्ही सगळे वर सोनकुल तळ्याकाठच्या कुरणावर राहायला जायचो. अधूनमधून खालून सिनेमाचा ट्रक यायचा. मग दोन तंबूंच्या मध्ये दोरी बांधून पांढरी चादर टांगायची, ट्रकमागचं वीज करायचं इंजिन धडधडायला लागायचं, आणि अंधार पडला की सिनेमा सुरू. सिनेमा असायचा रशियन. आम्हाला रशियन येत होती ती दुकानापुरती आणि कचेरीपुरती: दे, घे, सही कर, उद्या ये. पडद्यावरची माणसं प्रेमात पडतात तेव्हा यातलं काहीच बोलत नाहीत. म्हणून पडद्याशेजारी कालिपा उभी राहायची आणि कोण काय म्हणालं ते आमच्या किर्गिझ भाषेत मोठ्यानं सांगायची. सेनापतीचं बोलणं ती घोगऱ्या आवाजात सांगायची, म्हातारीचं थरथरत. दुष्ट माणूस मेला की दोन शिव्या पदरच्या घालायची. सिनेमा कसाही असो, कालिपामुळे चांगला व्हायचा.

रशियन ती शिकली खाली कोचकोर गावच्या निवासी शाळेत. तिथे तिच्याच बाकावर बसून शिकला ओमुरबेक, सिनेमाच्या ट्रकचा ड्रायव्हर. यंत्र चालवायचा तोच आणि ट्रकही हाकायचा तोच. शाळेत हिवाळ्यात दौतीतली शाई गोठायची तेव्हा हा पोरगा दौत काखेत धरून ऊब द्यायचा. आधी कालिपाची दौत, मग स्वतःची. तेव्हाही बोलायचा नाही, आणि सैन्यातून परत आल्यावरही मूग गिळूनच बसायचा. ट्रक आला की जेवायला कालिपाच्या भावाच्या, एशेनकुलच्या तंबूत यायचा. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा दोन्ही हातांत धरून त्यात असा बघत बसायचा, जणू आत काही पडलंय. मग आभार मानून निघून जायचा. एशेनकुल मुख्य मेंढपाळ, छातीवर पदकं लावणारा. ओमुरबेकला बाप नाही, आई लोकरीचे नमदे लाटून पोट भरणारी. तो बोलणार तरी कशाच्या जोरावर? त्याचं मला कळतं. पण राग यायचा तो यायचाच.

त्या वर्षी ऑगस्टात, दूध काढता काढता, एशेनकुलची बायको तुर्सुनाय म्हणाली, "वन्सं, ऐकलंत का? ओमुरबेकच्या आईनं पेटीतून कानातलं बाहेर काढलंय."

आमच्याकडे मुलाची आई जाऊन मुलीच्या कानात कानातलं घालते. घातलं की लग्न ठरलं, पुढे बोलणं नाही.

कालिपानं मान वर केली. "कोणासाठी?"

"कोचकोरमध्ये कोण्या शिंप्याची मुलगी आहे म्हणे. ट्रक खाली पोचला की माय-लेक जाणार बघायला. आणि पुढच्या वर्षी तो इकडे येणारही नाही. आता सिनेमे आपल्याच भाषेत बोलके होऊन येणार, नवा माणूस आणणार. ह्याला शहरात बस दिलीय चालवायला."

"बरंय की. बसमध्ये माणसं असतात. बोलायला शिकेल."

"तुम्ही काही विचारणार नाही?"

"मी? मी कशाला विचारू? मुलीनं विचारलेलं ऐकलंय कधी कोणी?"

"मी आपलं सांगितलं," तुर्सुनाय म्हणाली. "तुम्ही घोडीचं दूध जमिनीवर काढताय."

त्याच संध्याकाळी ट्रक आला. ओमुरबेक जेवला, वाडग्यात बघत बसला, आणि उठताना म्हणाला, "उद्या सकाळी निघतो." एशेनकुल म्हणाला, "जप." झालं, एवढंच बोलणं.

सिनेमा होता लहान पोरांचा. एका नदीकाठच्या गावात एक पोरगा आणि एक पोरगी एकत्र वाढतात. शेजाऱ्याच्या बागेतली सफरचंदं चोरतात, एका वर्गात बसतात, भांडतात. मग एका उन्हाळ्यात पोराला एकाएकी स्वतःच्या ठिगळ लावलेल्या कोपरांची लाज वाटायला लागते, आणि पोरगी त्याच्यासमोरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघते. दुसरं काही घडत नाही. ना लढाई, ना घोडे. पण सगळं कुरण गप्प बसलं होतं. बुरुल आजी, जी सिनेमात नेहमी लोकर कातायची, तिची चाती तशीच मांडीवर पडली होती. एवढ्याशा पोरांना काय होतंय ते इथे प्रत्येकाला माहीत होतं, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

कालिपा सगळं नीट सांगत होती, पण पदरचं काही घालत नव्हती. तिचा आवाज हळूहळू बसत चालला होता.

शेवटाला पोरीच्या बापाची बदली होते. धक्क्यावर बोट लागते. पोरगी बोटीच्या कठड्याशी उभी, पोरगा खाली धक्क्यावर. त्याच्या कोटाची बटणं उघडी. बोट हलते, आणि पोरगी त्याला म्हणते, "बटणं लाव. वारं आहे." एवढंच. पोरगा काहीच बोलत नाही.

कालिपानं पडद्याकडे पाठ फिरवली. यंत्राच्या उजेडात तिला समोरचं काही दिसत नव्हतं. पण त्या उजेडामागे कोण उभं आहे ते माहीत होतं.

"ती म्हणते," कालिपा म्हणाली, "ऐक, बावळटा. आपण एका बाकावर बसून शिकलो. शाई गोठायची तेव्हा तू माझी दौत आधी काखेत धरायचास. तेव्हापासून मी वाट बघतेय. तू येतोस, खाली मान घालून बसतोस आणि निघून जातोस. तुझ्या बोलण्याची वाट बघत मी म्हातारी व्हायची. म्हणून मीच बोलते. मला दुसऱ्या कोणाची व्हायचं नाही. थांब म्हणालास तर थांबेन."

बुरुल आजीनं डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. तोकोबाय आजोबा मात्र पुढे वाकून म्हणाले, "अगं, त्या पोरीचं तोंड तर केव्हाच मिटलं. तू एवढं कुठून आणलंस?"

"रशियन भाषा तशीच असते, आजोबा. थोडक्यात पुष्कळ."

लोक हसले. तेवढ्यात पडद्यावरची बोट मध्येच थांबली. ओमुरबेकनं यंत्र बंद केलं होतं.

"शेवटचं पुन्हा लावतो," तो म्हणाला.

तो फीत हातानं उलटी गुंडाळत होता आणि कालिपा पडद्याशेजारी उभी होती. तिला वाटलं, झालं. हा सैन्यात राहून आलाय, शब्द न् शब्द कळतो याला. चूक दाखवून देणार, चारचौघांत. ताकाला जाऊन भांडं लपवलं आणि भांडंच हातातून पडलं. पळून जावं तर चादरीच्या एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला अख्खी वस्ती. समोर दादा बसलेला, मांडीवर हात ठेवून.

बोट पुन्हा धक्क्याला लागली. पोरगी कठड्याशी आली, बोलली. कालिपा खाली बघत म्हणाली, "ती म्हणते, बटणं लाव. वारं आहे."

मग काय विचारता.

"हे काय? मघाशी वेगळंच होतं!"

"बटणं कुठून आली?"

"आम्हाला मेंढरं समजतेस का गं, कालिपा?" बुरुल आजी खरंच रागावली होती. "मी मघाशी रडले ती काय बटणांसाठी?"

तोकोबाय आजोबांनी काठी आपटली. "ओमुरबेक. तुला रशियन येते. तू सांग. पहिलं खरं की दुसरं?"

पडद्यावरची बोट लांब लांब गेली, फीत संपली, आणि चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला. कालिपा त्या उजेडाच्या कडेला अंग चोरून उभी होती. सगळ्यांनी मागे वळून ओमुरबेककडे बघितलं. त्यानं तोंड पुसलं, टोपी काढली, परत घातली. खरं सांगितलं तर कालिपा उघडी पडणार होती, आणि नेहमीसारखा गप्प बसला तर उद्या खाली उतरून शिंप्याच्या दारात जाणार होता.

"पहिलं खरं," तो म्हणाला. "तेच परत ऐकायचं म्हणून लावलं होतं."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" आजी म्हणाली.

"पण पोराचं सांगायचं राहिलं," ओमुरबेक म्हणाला.

"पोरगा कुठे बोलला?"

"बोलला. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही तुम्हाला."

आणि तो मोठ्यानं रशियनमध्ये काही बोलला. दोन-तीनच वाक्यं, पण शाळेत पाठ म्हणायला उभं केल्यासारखा ताठ उभा राहून बोलला.

सगळ्या माना आता कालिपाकडे वळल्या. "काय म्हणाला? सांग ना."

इतकी वर्षं सेनापती, म्हाताऱ्या, चोर, राजे, सगळ्यांची तोंडं तिच्याजवळ होती. हे एक वाक्य तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, आणि समोर दादा होता.

"सांगा, वन्सं," तुर्सुनाय हळूच म्हणाली. "लोक थांबलेत."

"तो म्हणतो," कालिपा म्हणाली, आणि तिचा आवाज कोणाचाच नव्हता, फक्त तिचा होता. "तो म्हणतो, थांब. उद्या माझी आई कानातलं घेऊन तुझ्या घरी येईल. तू हो म्हणालीस तर."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अगंबाई," बुरुल आजी म्हणाली, "रशियातसुद्धा कानातलं घालतात?"

एशेनकुलनं आधी बहिणीकडे बघितलं, मग ट्रककडे, मग बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे. तोकोबाय आजोबा खोकले. "मग? पोरगी काय म्हणाली त्याला?"

कालिपा रशियन बोलली नाही की किर्गिझ. ती फक्त एक पाऊल उजेडात आली आणि मान हलवली, आणि तिची सावली चादरीवर एवढी मोठी पडली की तळ्याकाठी राखणीला बसलेल्यांनासुद्धा ते हो दिसलं.

एशेनकुल उठला. टोपीवरची धूळ झटकत बायकोला म्हणाला, "सकाळी लवकर ऊठ. मोठं मेंढरू कापावं लागेल. त्याची आई लांबून येणार आहे."