पाण्यावरची फोडणी

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली, की त्यांनी "बस" म्हणायच्या आधी चुलीवरच्या कढईत डोकवायची. आमच्या महाळुंगे पडवळ गावात तिच्या या सवयीची यथेच्छ टिंगल व्हायची. तिला त्याचं काही नव्हतं. बरोबर मी असायचे, आणि हा पहारा माझ्यासाठी होता.

मी सात वर्षांची असताना पोटात दुखून गडाबडा लोळले. मंचरला रक्त काढलं, तर नळीत वर दुधासारखा पांढरा थर! पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा जन्मजात आजार आहे, फार क्वचित दिसतो; खाल्लेली चरबी हिच्या रक्तातून हटतच नाही. औषध नाही. तेल, तूप, दूध, शेंगदाणे बंद. पुन्हा असं दुखणं उठलं तर जिवावर बेतेल. आई रडत बसली. सासर सुटल्यापासून आमच्याकडे राहणारी आत्या मात्र पदर खोचून म्हणाली, "रडून काय व्हतंय वैनी? आजपासनं हिचं ताट माझ्याकडं."

तिनं माझी भांडी वेगळी केली. जिरं-लसूण कोरडं भाजायचं, करपायच्या आत पाण्याचा हबका मारायचा आणि त्यात भाजी टाकायची. चव यथातथाच. मी तोंड वाकडं केलं, की म्हणायची, "जिभेचं ऐकू नगं, ती लई लबाड."

आणि एवढी खमकी बाई स्वतःच चुकली. आमचं घराणं पूर्वी शेळ्या-मेंढरं राखणारं. शेळीचं दूध हलकं, ते कुणालाही पचतं, हे आमच्यात सगळ्यांना पाठ. डॉक्टर बोलले ते म्हशीच्या दुधाबद्दल, असं तिनं धरलं आणि पोर वाळली म्हणून आठवडाभर मला पेला-पेला शेळीचं दूध पाजलं. मी नऊ दिवस दवाखान्यात होते. "म्या पाजलं," असं तिनं डॉक्टरांना सरळ सांगितलं. त्यानंतर ती एकेक जिन्नस नाव घेऊन विचारायची. खोबरं? तीळ? अंड्यातलं पिवळं? डॉक्टर वैतागायचे, ही हटायची नाही.

पुढे मला बघायला पेठ गावचे पाहुणे आले. आजाराचं बोलायचं नाही, असं घरात ठरलं होतं. चहाचे कप हातात असतानाच आत्यानं सगळं सांगून टाकलं. "पावणं, हिच्या ताटाची राखण झेपत आसंल, तरच पुढं बोला." पाहुणे गेले ते गेलेच. मला मुलगा आवडला होता. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी ती शेजारी येऊन बसली.

"सोयरीक मोडली तर दुसरी जुळंल. तू गेलीस तर मी काय करू?"

मी तरीही अबोला सोडला नाही, याची आज लाज वाटते. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. मी आहे.