पत्र मागितलं, अर्ज मिळाला

मी दुसरीपर्यंत शिकल्ये. छापलेलं बाळबोध बोट ठेवून वाचत्ये, मोडी येत नाही, आणि हातानं लिहायचं तर स्वतःच्या नावापुढे गाडी जात नाही. तेवढ्यानंच घात झाला.

पोरगी तापानं फणफणलेली, सहा दिवस झाले, दूध ओढीना. हे मुंबईला गिरणीत. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला महिनासुद्धा नव्हता, एकदा बंद झाल्या की येणार कसे? सासूबाय म्हणाल्या, "कुणाकडून तरी लिहून आण गो, बोलाव त्याला." पोरीला काखेत मारली नि रत्नागिरी गाठली. शहरात लिहिणारा कुठे बसतो ते मला काय ठाऊक? कचेरीसमोर पारावर काळ्या डगल्यातला एकजण खाली मान घालून लिहीत होता, त्याच्यापुढेच जाऊन बसल्ये.

"वकीलसाहेब, एक कागद लिहून द्या."

वकील म्हटल्यावर तो खूष झाला. नाही म्हणाला नाही.

"कुणावर?"

"घोवाला."

"म्हणणं काय?"

"येत नाहीत हो! पोर मरायला टेकलीय नि येत नाहीत."

"खायला घालतो का?"

"घालतात. कधी घालतात, कधी नाही."

त्यानं भराभरा मोडीत लिहिलं, मला एक अक्षर लागेना. मी विचारलं, "पोरगी आजारी, ते लिहिलंत ना?"

"सगळं कलमवार लिहिलंय."

कलमवार म्हणजे चांगलंच असेल, असं वाटलं. मुंबईचा पत्ता त्याच्याकडूनच घालून घेतला नि पाकीट तिथल्याच पेटीत टाकलं.

दहा-बारा दिवसांनी ह्यांच्या खोलीतला गाववाला बोटीनं आला, तोच कागद हातात. "वयनी, कोर्टात गेलात होय? खोलीत सगळ्यांपुढे वाचला. वर अर्जदार तुम्ही, खाली सामनेवाला तो. पोटगी मागितलीत! तो म्हणतो, बंदरावर उतरलो की पट्टेवाला धरील. येत नाही."

पोरीला घेऊन तशीच पाराकडे पळाल्ये.

"मी पत्र मागितलं होतं!"

"बाई, मी अर्जनवीस. माझ्याकडे अर्जच मिळतो. पत्र लिहिणारा पोस्टाच्या पायरीवर बसतो."

"मग तुम्ही वकील नव्हेत?"

"वकील आत साहेबापुढे बोलतो. लिहितात ते सगळे एकच काय? न्हाव्याकडेही कातर असते, त्याच्याकडून चोळी शिवून घ्याल?"

बाजूचे हसले. मी रडत पोस्टाकडे गेल्ये.

पायरीवर एक म्हातारा होता. म्हणाला, "सांग, बाय." मी धापा टाकत सांगितलं, पोरगी आजारी, या, मी कोर्टात गेल्ये नाही, देवाशप्पथ गेल्ये नाही. त्यानं छाप्यासारख्या सुट्या बाळबोधीत लिहिलं, मी बोट ठेवून वाचलं, तेच होतं. मग तो म्हणाला, "उद्या शेवटची बोट. पत्र जाईल, पण माणसाला परतायला बोट नाही. घाटानंच यावं लागेल."

हे आले ते आषाढात, कोल्हापुरावरून घाट उतरून, चिंब भिजून, पाय सुजलेले. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "कचेरीत माझं नाव नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

मग ते आत आले नि पोरीला हाक मारली. ताप कधीच उतरला होता, पण कान घेऊन गेला होता. ती माझ्याकडेच बघत राहिली. त्यांना वाटलं ओळखत नाही, म्हणून हसत हसत आणखी मोठ्यानं हाक मारली.