थिसलडाउन विनाशिकेचं सर्व्हिस बुक

मधुकर टिपणीस चौतीस वर्षं मुंबईच्या गोदीत आस्थापना विभागात होते. कामगारांची सर्व्हिस बुकं लिहायची: रुजू, रजा, बदली, शेरा. निवृत्तीनंतर मुलीने, मृदुलाने, त्यांना ऑकलंडला, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरातल्या घरी आणलं. घरात पाच बेडरूम आणि टिपणिसांकडे एक जबाबदारी: कचऱ्याचा डबा आठवड्यातून एकदा फुटपाथवर नेणं. बारा वर्षांची नात ओवी मैत्रिणींना "आजोबा रिटायर्ड आहेत" असं सांगे ते एखाद्या दुखण्याबद्दल सांगावं तशा स्वरात.

मी त्यांचा शेजारी आणि बंदराजवळच्या एका लहानशा जहाज संग्रहालयाचा मानद सचिव. आम्हाला बिनपगारी माणसं लागतात आणि टिपणिसांना दहाच्या ठोक्याला कुठेतरी पोचायचं असतं, म्हणून मी त्यांना तिथे नेलं. संचालिका ब्रॉन्विनने त्यांच्यापुढे थिसलडाउन नावाच्या जुन्या विनाशिकेच्या नोंदवह्या ठेवल्या.

"मधू, हिचा सेवेचा इतिहास लिही. फलकावर खाली तुझं नाव येईल."

"येस मॅडम," टिपणीस म्हणाले. मॅडम म्हणू नकोस, असं ब्रॉन्विनने त्यांना अकरा वेळा सांगून झालं होतं.

नाव येणार, ही बातमी त्यांनी घरी ओवीला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ती फोनमधून मान वर न करता "स्वीट ॲज", म्हणजे इकडच्या पोरांचं 'मस्त', म्हणाली.

तीन आठवड्यांनी कागद आला. रुजू: डिसेंबर १९१८ (युद्ध महिन्यापूर्वीच संपलेले). बदल्या: तीन. वैद्यकीय रजा, म्हणजे दुरुस्तीसाठी गोदीत: सात वर्षे चार महिने. ताकीद: धक्क्याला धडकल्याबद्दल, दोनदा. शत्रूशी सामना: निरंक. सेवासमाप्ती: १९३८, भंगारात.

ब्रॉन्विनने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. शौर्य मागच्या बाजूला असेल, अशी तिला आशा असावी. कारण फलकाचं शीर्षक आम्ही आधीच छापून घेतलं होतं: 'शौर्याची वीस वर्षे'. आमच्याकडे कामं अशीच वेळेआधी होतात.

"काहीतरी धाडसाचं शोध," ती म्हणाली. "नाहीतर नेटवरच्या चार ओळी लावू. मग खाली तुझं नाव नाही."

टिपणिसांनी वह्या पुन्हा पहिल्या पानापासून वाचल्या आणि एक नोंद सापडली. फेब्रुवारी १९२६. सहलीची फेरीबोट वाळूत रुतली, थिसलडाउनने ती ओढून काढली. बोटीत दोनशे चौदा माणसं आणि एक बँडपथक.

ब्रॉन्विन उठून उभी राहिली. "दोनशे चौदा जीव वाचवले!"

"पाणी दोन फूट होतं, मॅडम. लोक उतरून शिंपल्या वेचत होते. बँड वाजत होता, तसं लिहिलंय."

"खोली लिहायलाच हवी का?"

"नोंद आहे."

गाडीत मी त्यांना समजावलं. "टिपणीस, खोली गाळा. शंभर वर्षांपूर्वीचं पाणी मोजायला कोण येतंय? ओवीला नाव दिसेल."

"नाव दिसेल, तेव्हा वर काय लिहिलंय तेही ती वाचेल," ते म्हणाले, आणि सीटबेल्ट नीट बसलाय का ते पाहिलं.

तोडगा अखेर समितीने काढला. समित्या काढतात तसाच. इतिहास जसाच्या तसा राहील, शीर्षक कापलं जाईल आणि फलक दर्शनी दालनाऐवजी स्वच्छतागृहाच्या बोळात लागेल. तिथे सदैव रांग असते. त्यामुळे आमच्याकडे शेवटपर्यंत वाचला जाणारा तो एकमेव फलक आहे.

पहिल्याच रविवारी मृदुला ओवीला घेऊन आली. ओवीने रांगेत नसतानाही सगळं वाचलं, खालचं नावसुद्धा.

"सो आजोबा, वीस वर्षं शी डिड नथिंग?"

"हजर होती," टिपणीस म्हणाले.

ओवी हसली नाही. तिने फलकाचा फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला. टिपणिसांना मात्र फलक डावीकडे अर्धा इंच उतरलेला दिसला होता. त्यांनी मला स्टूल आणायला पाठवलं.