नवसाची पोळी

"पोळी लाटायला काय अक्कल लागते?" असं मी बायकोला म्हणालो.

ती अंगणात घसरली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि गावच्या देवीची यात्रा आठवड्यावर आली होती. मी फौजेत असताना एकदा सीमेवरून माझी खबर येईना. तेव्हा तिने देवीला नवस बोलला होता, धनी सुखरूप आला तर दर यात्रेला घरच्या हातची पुरणपोळी. तो कधी चुकला नव्हता. शेजारणी करून द्यायला तयार होत्या, पण ही डोळ्यांना पदर लावून बसलेली. देवी कुणाच्या हातची पोळी हे बघत बसते यावर माझा काही विश्वास नव्हता, पण हिचं रडणं बघवेना, म्हणून ते वाक्य तोंडातून गेलं.

"मग तुमीच लाटा," ती म्हणाली.

झालं! डेअरीला दूध घातलं की मी परातीपुढे आणि ती गळ्यात हात अडकवून खुर्चीत. डाळीचा कट मी पहिल्याच दिवशी मोरीत ओतला. आमटी त्याचीच करतात हे ओतल्यावर कळलं. पुढे कणीक कधी सैल, कधी दगड. पुरण पोळीत राहायचं सोडून लाटण्याला चिकटायचं. "आवं, पोळपाट हाय त्यो, दुश्मन न्हाई!" ती ओरडायची. फाटक्या पोळ्या म्हशीला जायच्या; पुढे पुढे म्हशीनेही तोंड फिरवलं. सकाळ-संध्याकाळ लाटून मनगटं सुजली, पण अख्खी पोळी तव्यावर पोचेना.

यात्रेच्या सकाळी ही आंघोळीला गेलेली आणि माझ्यापुढे शेवटचा उंडा उरलेला. पहिल्यांदाच मनापासून हात जोडले. म्हटलं, आई, मला येत नाही. तेवढ्यात दारातून कुणीतरी पाणी मागितलं. खांद्यावर घोंगडं घेतलेली एक धनगराची म्हातारी होती.

"थांबा आज्जी, एवढी लाटतो."

ती उंबऱ्यातून बघत राहिली. "आरं लेकरा, दाबतुयास कशापायी? हात ढिला सोड. पोळी आपसूक फिरंल."

मी हात सोडला आणि पोळी खरंच फिरली. तव्यावर टम्म फुगली. तांब्या भरून दारात गेलो, तर रस्ता रिकामा. इकडून धनगरांची मेंढरं गेली का विचारलं, तर शेजारी म्हणाले, "मेंढरं? आज कुठली?" मी तांब्या ठेवला आणि नैवेद्याचं ताट वाढलं.

देवळात बायकोने डावा हात नैवेद्याच्या ताटाला लावला आणि तिचे डोळे भरले. इतकी वर्षं ती माझ्या जिवासाठी चुलीपुढे भाजत होती, आणि मी आयत्या पोळ्यांवर तूप मागत होतो. आठवडाभर मी जीव तोडून लाटलं ते वाया गेलं नसावं. पण जोर लावून झाल्यावर तो सोडायचाही असतो, हे मला कुणीतरी दारात येऊन सांगावं लागलं. त्या माउलीपुढे मी आजही मनात डोकं टेकतो.

परतताना हळूच म्हणालो, "अगं, ती म्हातारी म्हणजे देवीच होती बघ."

"आसंल की," बायको म्हणाली. "तुमची लाटायची तऱ्हा बघून दगडाची देवीबी उठून यील."